इमानदार डोळाही चुकतो: गवाही, अफवा आणि इन्साफ

21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने 2006 च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या सर्व 12 आरोपींना निर्दोष सोडलं. यातल्या पाच जणांना 2015 मध्ये विशेष न्यायालयाने फाशी सुनावली होती, तर सात जणांना जन्मठेप. तीन दिवसांनी, 24 जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली. सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवलं मात्र नाही. ही बातमी आपल्या घराघरात वाचली गेली. कुणी शुक्र अदा केला, कुणी एकोणीस वर्षांचा हिशेब मागितला. टीव्हीवर मात्र दोन दिवस एकच सवाल चालला: मग साक्षीदार खोटं बोलत होते का?

हा सवालच अर्धवट आहे. साक्षीदार एक तर खरा असतो नाही तर खोटा, असं आपण धरून चालतो. पण तिसरीही शक्यता असते. माणूस पूर्ण इमानदार असतो, अल्लाहला हाजीर-नाजीर मानून बोलत असतो, आणि तरीही जे सांगतो ते घडलेलंच नसतं. खोटं बोलणं वेगळं आणि चुकीचं पाहणं किंवा चुकीचं आठवणं वेगळं. हा फरक न्यायालयाने ओळखला नाही तर निरपराध माणूस फासापर्यंत जातो. समाजाने ओळखला नाही तर रस्त्यावर जमाव माणूस मारतो.

न्यायालयाला काय खटकलं?

11 जुलै 2006 च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अवघ्या अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. 180 हून अधिक माणसं गेली, 800 च्या वर जखमी झाली. त्यात सगळ्या धर्मांचे लोक होते. खरा गुन्हेगार सापडावा हा त्या कुटुंबांचा हक्क आहे. निकालाची चर्चा करताना आपणही हे विसरता कामा नये.

उच्च न्यायालयाने कबुलीजबाबांवर, जप्त वस्तूंवर, तपासाच्या पद्धतीवर बोट ठेवलं. त्यातला ओळख पटवण्याचा मुद्दा आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे. आरोपींना चर्चगेट स्थानकापर्यंत सोडलं असं सांगणारे टॅक्सीचालक घटनेनंतर शंभराहून अधिक दिवस गप्प होते. रोज कितीतरी प्रवासी ने-आण करणाऱ्या माणसाला एखाद्या दिवशीच्या प्रवाशाचा चेहरा इतक्या दिवसांनी आठवावा, असं काही विशेष कारण घडलेलं दिसत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. ओळखपरेड ज्या अधिकाऱ्याने घेतली त्याच्या अधिकारावरच प्रश्न उभा राहिला. आणि कोर्टात साक्षीदारांनी आरोपींकडे बोट दाखवलं ते घटनेनंतर चार वर्षांहून जास्त काळ उलटल्यावर.

या साक्षीदारांच्या मनात काय होतं ते आपण सांगू शकत नाही, सांगूही नये. पण चेहरा लक्षात राहणं ही गोष्ट मुळात किती कच्ची आहे, हे गेल्या पन्नास वर्षांच्या अभ्यासातून पुरेसं समोर आलं आहे.

आठवण म्हणजे व्हिडिओ नव्हे

आपल्याला वाटतं, डोळा म्हणजे कॅमेरा आणि मेंदू म्हणजे मेमरी कार्ड. हवं तेव्हा काढा, जसंच्या तसं बघा. तसं नाही. डोळा तुकडे टिपतो; मधल्या जागा मेंदू आपल्या अनुभवाने, अपेक्षेने, भीतीने भरून काढतो. आणि आठवताना तो हे चित्र दरवेळी नव्याने जुळवतो.

1974 मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची छोटी फिल्म दाखवली. मग 50 जणांना विचारलं, गाड्या ‘धडकल्या’ तेव्हा वेग किती होता? दुसऱ्या 50 जणांना विचारलं, गाड्यांचा ‘चुराडा झाला’ तेव्हा वेग किती होता? फिल्म तीच, सवालातला एक शब्द फक्त वेगळा. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? ‘धडकल्या’ ऐकलेल्या गटात 7 जण हो म्हणाले. ‘चुराडा’ ऐकलेल्या गटात 16. फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच. कुणी खोटं बोललं नव्हतं; सवालातल्या शब्दाने आठवणीत काच आणून ठेवली.

आता हाच विचार पोलीस ठाण्यात नेऊन पाहा. “तो दाढीवाला माणूस कुठे उभा होता?” असा सवाल आला, की दाढी आठवणीत शिरली. पाहणाऱ्याने दाढी पाहिली होती की नाही, हे पुढे त्याचं त्यालाही सांगता येत नाही.

याचा परिणाम किती दूर जातो ते रोनाल्ड कॉटन या अमेरिकी कृष्णवर्णीयाच्या खटल्यात दिसतं. 1984 मध्ये नॉर्थ कॅरोलिनात एका विद्यार्थिनीवर बलात्कार झाला. तिने प्रसंगातही हिंमत ठेवून हल्लेखोराचा चेहरा नीट लक्षात ठेवायचा प्रयत्न केला होता. पोलिसांनी दाखवलेल्या फोटोंतून तिने कॉटनचा फोटो निवडला, नंतर प्रत्यक्ष परेडमध्येही त्यालाच ओळखलं. दोन्ही ठिकाणी समान असलेला चेहरा फक्त त्याचाच होता. तिने निवड केल्यावर पोलिसांनी तिला शाबासकी दिली आणि तिचा भरवसा पक्का होत गेला. 1987 मध्ये दुसऱ्या सुनावणीत खरा गुन्हेगार तिच्यासमोर उभा केला गेला, तेव्हा या माणसाला आपण कधी पाहिलंच नाही असं ती म्हणाली. 1995 मध्ये डीएनए चाचणी झाली आणि दहा वर्षांहून जास्त काळ तुरुंगात काढून कॉटन बाहेर आला. पुढे त्या दोघांनी मिळून पुस्तक लिहिलं, हे त्या दोघांचंही मोठेपण.

अमेरिकेत डीएनए चाचणीमुळे निर्दोष ठरलेल्या कैद्यांच्या सुमारे दोन-तृतीयांश प्रकरणांत चुकीची ओळख हे एक कारण होतं. आणखी एक बाब वारंवार समोर आली आहे. माणूस आपल्यासारख्या दिसणाऱ्यांचे चेहरे नीट ओळखतो. दुसऱ्या गटातल्यांचे चेहरे त्याला एकमेकांसारखे वाटतात. आपल्याकडे याचा अर्थ सरळ आहे. टोपी, दाढी, बुरखा ही निशाणी चटकन लक्षात राहते, तिच्यामागचा चेहरा राहत नाही. मग ओळखली जाते ती निशाणी, आणि पकडला जातो माणूस.

हातातला वस्तरा कुणाचा?

एका माणसाने पाहिलेलं दहा जणांकडून फिरत गेलं की काय होतं? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अफवांचा बाजार गरम होता, तेव्हा गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी याचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक 1947 मध्ये आलं. प्रयोग असा: एका माणसाला चित्र दाखवायचं. त्याने ते दुसऱ्याला फक्त तोंडी सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी साखळी. एका चित्रात रेल्वेच्या डब्यात एक गोरा आणि एक काळा माणूस समोरासमोर उभे होते आणि गोऱ्याच्या हातात वस्तरा होता. निम्म्याहून अधिक साखळ्यांमध्ये केव्हा ना केव्हा हा वस्तरा काळ्या माणसाच्या हातात गेला. मुद्दाम कुणी तो हलवला नव्हता. ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीच जे चित्र होतं, त्यात वस्तरा आपोआप ‘योग्य’ हातात जाऊन बसला.

आज ही साखळी व्हॉट्सअॅपवर चालते. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भटके लोक होते, सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेले. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज आणि व्हिडिओ त्या दिवसांत सगळीकडे फिरत होते. त्यातला एक व्हिडिओ तर पाकिस्तानात कराचीला मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली जनजागृतीची फिल्म होती; शेवटचा खुलासा कापून तो खरा प्रसंग म्हणून पाठवला जात होता. डोक्यात हे चित्र बसलेल्या लोकांना अनोळखी माणूस लहान मुलीशी बोलताना दिसला, आणि त्यांना ‘टोळी’ दिसली.

त्याच सुमारास मालेगावातही मुलं पळवणारे समजून जमावाने एका कुटुंबाला घेरलं होतं. सोबत लहान मूल होतं. पोलिसांनी त्यांना सोडवलं म्हणून जीव वाचले. मालेगाव कुणाचं शहर आहे हे आपल्याला सांगायला नको. 2006 च्या बॉम्बस्फोटात याच शहरातली माणसं मेली, याच शहरातले तरुण पकडले गेले आणि 2016 मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपांतून मुक्त केलं. संशयाने काय होतं हे ज्यांनी इतकं भोगलं, त्यांच्याही गल्लीत जमाव जमला. नजरेचा हा दोष कुठल्या एका कौमचा नाही. तो माणसाचा आहे.

नाव वाचलं की...

पूर्वग्रह म्हटलं की आपल्याला शिव्या देणारा, भडक भाषण करणारा आठवतो. पण खरी तब्येत बघायची तर जिथे कुणी आवाज चढवत नाही तिथे बघा. 2007 मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल अट्टेवेल यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांच्या 548 जाहिरातींना 4,808 अर्ज पाठवले होते. शिक्षण सारखं, फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता साधारण एक-तृतीयांश निघाली. दलित नावांनाही कमी प्रतिसाद होता.

2022 मध्ये लेडबाय फाउंडेशनने मुस्लिम मुलींच्या नोकरीबाबत असंच तपासलं. एक हजार जागांसाठी एकसारखे दोन अर्ज, एकावर हिंदू मुलीचं नाव, एकावर मुस्लिम. हिंदू नावाला 208 ठिकाणांहून उत्तर आलं, मुस्लिम नावाला 103. अर्जात फोटो नव्हता, म्हणजे बुरखा-हिजाबचाही सवाल नव्हता.

ते अर्ज वाचणारे सगळेच द्वेष्टे असतील असं मला वाटत नाही. पुष्कळांना विचारलं तर ते मनापासून सांगतील, आम्ही भेदभाव करत नाही. त्यांना ‘कमी योग्य उमेदवार’ दिसला, एवढंच. म्हणूनच ही गोष्ट जास्त कठीण आहे. नियत तपासून हा दोष सापडत नाही, पद्धत बदलावी लागते. पहिल्या फेरीत अर्जावरचं नाव झाकणं, मुलाखतीत सगळ्यांना तेच सवाल विचारणं, हे उपाय कुणाला वाईट न ठरवता करता येतात.

वारंवार ऐकलेलं खरं वाटू लागतं, हाही मनाचा एक ठरलेला गुण आहे. 1977 पासूनच्या प्रयोगांत तो पुन्हा पुन्हा दिसला आहे. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तबलिगी जमातीचं नाव चॅनेलवर इतक्या वेळा घेतलं गेलं, की काही ठिकाणी लोक भाजीवाल्याचं नाव विचारून मग भाजी घेऊ लागले. त्याच वर्षी 21 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं स्पष्ट म्हटलं. पण निकाल एकदा छापून येतो. आरोप हजार वेळा कानावर पडलेला असतो.

आपल्या इल्मी परंपरेत हा धडा आहे

हे सगळं पश्चिमेकडून आलेलं नवं ज्ञान आहे असं समजू नये. बसऱ्यात जन्मलेले आणि कैरोत काम केलेले इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी ‘किताब अल-मनाझिर’ लिहिली. डोळ्यातून किरण बाहेर पडतात ही जुनी समजूत त्यांनी खोडली आणि प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो हे मांडलं. हे आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांतून सांगितलं जातं. पुढचं मात्र कमी सांगितलं जातं. नुसत्या डोळ्याने पाहणं पूर्ण होत नाही. मन आधीच्या ओळखीवरून, अंदाजावरून ठरवतं की समोर काय आहे, आणि हे इतकं झटपट होतं की आपल्याला कळतही नाही, असं त्यांनी लिहिलं. सात भागांच्या या ग्रंथाचा एक अख्खा भाग त्यांनी नजरेच्या चुकांना दिला.

दुसरी एक रिवायत चांदबाबत सांगितली जाते. रमजानचा चांद बघायला लोक जमले होते. त्यात शंभरीच्या जवळ आलेले सहाबी हजरत अनस बिन मालिक (रजि.) होते. ते म्हणाले, मला चांद दिसतोय. दुसऱ्या कुणाला दिसेना. पुढे बसऱ्याचे काझी झालेले इयास बिन मुआविया तिथे होते. त्यांनी बारकाईने पाहिलं तर हजरत अनस यांच्या भुवईचा एक पांढरा केस वाकून डोळ्यासमोर आला होता. इयास यांनी तो हलक्या हाताने सरळ केला आणि विचारलं, आता कुठे आहे चांद? ते म्हणाले, आता दिसत नाही.

या रिवायतीत कुणी कुणाला खोटं ठरवलं नाही. त्या बुजुर्गांच्या सच्चेपणावर शंका घेण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती. तरी त्यांच्या पाहण्याची तहकीक झाली, आणि अदबीने झाली. हनफी मसलकात चांदच्या गवाहीचा नियमही याच समजुतीवर उभा आहे. आभाळ ढगाळ असेल तर रमजानसाठी एका भरवशाच्या माणसाची गवाही चालते. आभाळ स्वच्छ असेल तर मात्र मोठ्या संख्येने लोकांनी पाहिलेलं असावं लागतं, कारण स्वच्छ आभाळात एकालाच दिसला आणि बाकी कुणाला नाही, तर चूक होण्याची शक्यता जास्त. म्हणजे गवाह किती नेक आहे एवढंच पाहायचं नाही, पाहण्याची परिस्थिती काय होती हेही पाहायचं. मुंबई उच्च न्यायालयाने टॅक्सीचालकांच्या साक्षीबाबत वेगळं काय विचारलं?

सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत आलेल्या बातमीची तहकीक करण्याचा हुकूम आहे आणि बाराव्या आयतीत बदगुमानीपासून दूर राहण्याचा. आपण ही आयत बहुधा दुसऱ्यांना ऐकवतो, चॅनेलवाल्यांना, पोलिसांना. ती आधी आपल्यासाठी आहे.

मग करायचं काय?

सरकार आणि न्यायव्यवस्थेकडून मागण्यासारख्या गोष्टी ठोस आहेत. ओळखपरेड अटकेनंतर लवकरात लवकर व्हावी. ती घेणाऱ्या अधिकाऱ्याला संशयित कोण आहे हे माहीतच नसावं, म्हणजे नकळतही इशारा जाणार नाही. साक्षीदाराला आधी सांगावं की गुन्हेगार या रांगेत नसूही शकतो. परेडमध्ये सगळे साधारण एकसारखे दिसणारे असावेत. नऊ जण सफाचट आणि एकच दाढीवाला असेल तर ती ओळखपरेड नव्हे. पूर्ण प्रक्रियेचं व्हिडिओ चित्रण व्हावं. आणि ओळखण्याआधी आरोपीचा फोटो चॅनेलवर दाखवला गेला असेल तर त्या ओळखीला किंमत नसावी. यातलं काहीही फक्त मुस्लिमांसाठी मागायचं नाही. राईनपाड्याच्या डवरी गोसाव्यांना, पारध्यांना, प्रत्येक गरिबाला याची तितकीच गरज आहे. स्फोटात माणूस गमावलेल्या कुटुंबालाही आहे, कारण चुकीचा माणूस आत गेला की खरा गुन्हेगार बाहेर राहतो.

घरात करण्यासारख्या गोष्टी त्याहून सोप्या आणि त्याहून अवघड आहेत. मोहल्ल्यातल्या एखाद्या मुलीबद्दल कुणी येऊन सांगतं, “मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.” काय पाहिलं? कॉलेजबाहेर कुणाशी तरी बोलताना पाहिलं. बाकीची गोष्ट पाहणाऱ्याच्या मनाने रचली, आणि तिचं शिक्षण थांबलं, घाईघाईने लग्न ठरलं. शाळेत शिकवताना असं वर्गातून गळालेलं नाव हजेरीपटावर लाल शाईने खोडावं लागतं, तेव्हा या ‘पाहिलं’ची किंमत कळते. तिथे आपण ना तहकीक करतो, ना तिचं म्हणणं ऐकतो. जो इन्साफ आपण हायकोर्टाकडे मागतो, तो आपल्याच उंबऱ्याच्या आत नाकारतो.

म्हणून मुलांना एक सवय लावा. घरी कुणी काही सांगितलं की तीन सवाल विचारायचे: तू स्वतः काय पाहिलंस? त्यातलं तुला वाटलं किती? आणि तुला आधीपासून काय माहीत होतं? मेसेज पुढे पाठवण्याआधीही हेच. कानगोष्टीचा जुना खेळ ईदच्या दिवशी सगळी मुलं जमली की खेळून बघा. पहिल्याने सांगितलेलं वाक्य शेवटच्यापर्यंत काय होऊन पोहोचतं, ते ऐकून मुलं हसतील आणि न सांगता शिकतील.

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, असं आपण सहज बोलून जातो. फसलेल्याला मात्र त्याची किंमत मोजावी लागते, कधी एकोणीस वर्षं. उद्या कुणी आपल्याकडे चुकीच्या नजरेने पाहील, तेव्हा थांबून तहकीक करणारा एक तरी माणूस तिथे असावा, अशी आपली दुआ असते. आज दुसऱ्यासाठी तो माणूस होणं आपल्या हातात आहे.